एकांत, दोनशेला एक

दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवर दिल्ली कॅन्ट सोडलं की गाडीतला तो भारदस्त आवाज ओळीने बायकांची नावं घ्यायला लागतो. दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. मग मध्ये विश्वेश्वरय्या येऊन जातात, तेवढा एकच पुरुष. लगेच भिकाजी कामा प्लेस आणि त्यापुढे सरोजिनी नगर. दुर्गाबाई संविधान सभेत होत्या. मादाम कामांनी १९०७ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये जाऊन हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. सरोजिनी नायडू १९२५ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, १९३० साली धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहात पुढे होत्या आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर देशातल्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या. एवढ्या सगळ्या कर्तबगार बायका ओलांडून मी रोज संध्याकाळी घरी पोहोचते, ती उद्याच्या डब्यात भेंडी द्यावी की बटाटा या विवंचनेत.

बरं, सरोजिनीबाईंना चार मुलं होती. जयसूर्य, पद्मजा, रणधीर आणि लीलामणी. धारासण्याला गेल्या तोवर ती मोठी झाली होती हे मान्य, पण त्याआधीही बाई काही घरात बसलेल्या नव्हत्या. आमच्या वसाहतीला लागून जी दुसरी सरकारी वसाहत आहे तिचं नाव लक्ष्मीबाई नगर. या लक्ष्मीबाई म्हणजे तांब्यांची मुलगी आणि नेवाळकरांची सून हे इथल्या शेजाऱ्यांना सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. पण ते सांगून झाल्यावर मान खाली घालावी लागते, कारण चित्रात, पुतळ्यात, जिथे बघावं तिथे त्यांच्या पाठीला पोर बांधलेलं, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात तलवार. चेहऱ्यावर कंटाळ्याचा मागमूस नाही. अशा दोघींच्या मधोमध सरकारी क्वार्टर मिळाल्यावर ‘मला हे सगळं झेपत नाहीये’ असं म्हणायची सोय राहत नाही.

मी तरी ते एकदा म्हणून बघितलं. स्वयंपाकघरात उभी राहून, मोठ्याने, शुद्ध मराठीत. त्यावर जो सल्ल्यांचा पाऊस पडला तो दिल्लीत एरवी जुलैतही पडत नाही. सासूबाई साताऱ्याहून फोनवर म्हणाल्या, “आम्ही नाही का चार वाढवली? आणि तेव्हा मिक्सरसुद्धा नव्हता.” आईने रक्त तपासून घ्यायला सांगितलं; माझ्या आईच्या मते जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ हिमोग्लोबिनमध्ये आहे. ऑफिसातल्या तरुण सहकारी मुलीने सुचवलं की मी रोज अर्धा तास ‘मी-टाइम’ घ्यावा. कुठून घ्यावा हे तिने सांगितलं नाही. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पंजाबी आंटी म्हणाल्या, “बेटा, सुबह चार बजे उठके ध्यान लगाया करो.” म्हणजे उरलीसुरली झोपही सार्वजनिक कामाला द्यायची. आणि नवरा, जो खरोखर सज्जन माणूस आहे, टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, “अगं, मग सांगत जा ना मला. तू सांगशील ते मी करतो.”

या शेवटच्या वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. कारण माझं सगळं दुखणं तिथेच होतं.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आवक-जावक सांभाळते. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, कुठल्या टेबलावर गेला ते लिहायचं, संपलं. आता ई-ऑफिस आलंय, त्यामुळे कागदाऐवजी पडद्यावरची फाइल जाते, पण धर्म तोच. फाइल एकदा दुसऱ्याच्या टेबलावर गेली की तिचं पुढे काय होतं याच्याशी माझा संबंध नसतो. ती तिथे वर्षभर पडून राहिली तरी मला गाढ झोप लागते. घरी मात्र उलटा कारभार. घरचा कागद कुठेही पाठवा, तो फिरून माझ्याच टेबलावर येतो. “तू सांगितलंस ते वाणसामान आणायला निघालो होतो, पण यादी कुठेय?” म्हणजे काम त्याचं, पण आठवण ठेवायची मी, यादी करायची मी, सांगायचं मी, सांगितलेलं झालं का ते बघायचं मी आणि झालं नाही तर चिडलेही मीच, हा शेरा पुन्हा माझ्याच नावावर.

आमच्या घराचं आवक रजिस्टर कुणी उघडून पाहिलंच, तर एका साध्या मंगळवारी त्यात काय सापडेल ते सांगते. धाकट्याला गुरुवारी ‘आपले मदतनीस’ या विषयासाठी पोस्टमन होऊन जायचंय, खाकी टोपी कुठेही मिळत नाही. मोठीच्या दातांच्या तारा घट्ट करायची तारीख टळलीय. कामवाली छटपूजेला गावी जाणार, परत येण्याची तारीख देवालाही माहीत नाही. सासूबाईंच्या थायरॉइडच्या गोळ्या साताऱ्यात संपतात आणि त्या संपल्याचं दिल्लीत मला कळायला हवं. चुलतदिराच्या मुलीचं लग्न, आहेर साडीचा की पाकिटाचा. गीझर टपकतोय. आणि हवा. महाराष्ट्रातल्या बायकांना हे प्रकरण ठाऊक नाही. इथे नोव्हेंबरात हवेचा आकडा चारशेपार गेला की रात्री नऊ वाजता हुकूम निघतो, उद्यापासून लहान मुलांची शाळा ऑनलाइन. माझं ऑफिस मात्र ऑफलाइनच राहतं. म्हणजे हवा दोघांनाही तीच, पण फुप्फुसं सरकारने वयानुसार वाटून दिलेली. मग धाकट्याला कुठे ठेवायचं, त्याला लॅपटॉप कोण लावून देणार आणि वर्गात बाईंनी नाव पुकारल्यावर तो पलंगाखाली नसेल याची खात्री कोण करणार, या तीन नोंदी रात्री साडेनऊला रजिस्टरात चढतात.

जुन्या क्वार्टरमध्ये हे एवढं अवघड नव्हतं, असं इथल्या जुन्या बायका सांगतात आणि मला ते खरं वाटतं. या भागाला पूर्वी विनय नगर म्हणायचे. सरकारी बाबूंसाठी बांधलेली बैठी-दुमजली घरं, मध्ये अंगण, अंगणात कडुनिंब. पोर अंगणात सोडलं की ते आपोआप पाच घरांचं व्हायचं. कुणीतरी त्याला पोळी भरवायचं, कुणीतरी रपाटा द्यायचं. दोन्हीसाठी आईला विचारायची पद्धत नव्हती. मग घरं जुनी झाली, पुनर्विकास ठरला. २०१८ साली झाडं तोडायला लागले तेव्हा लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. पुढे यथावकाश टॉवर उभे राहिलेच. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. अठ्ठावीस टॉवर आणि अडीच हजारांहून जास्त टाइप-टू घरं. घर सुंदर आहे, नळाला पाणी आहे, छत गळत नाही. तक्रारीला जागा नाही. फक्त अंगण उभं केल्यावर त्याची लिफ्ट होते आणि लिफ्टमध्ये पोर सोडता येत नाही.

आमच्यासारख्यांसाठी सरकारने काहीच केलेलं नाही असं मात्र म्हणू नये. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्याला सहाव्या वेतन आयोगापासून, म्हणजे २००८ पासून, बालसंगोपन रजा आहे. पूर्ण नोकरीत ७३० दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन अपत्यांसाठी. माझी बहीण महाराष्ट्र शासनात आहे, तिला १८० दिवस मिळतात, त्यामुळे या विषयावर ती माझ्याशी फार बोलत नाही. आता या रजेची मौज बघा. वर्षातून तीनदाच घेता येते आणि एका वेळी पाच दिवसांपेक्षा कमी घेता येत नाही. आईला नेमकी किती रजा हवी असते? दोन तास. शुक्रवारी संध्याकाळी, पाच ते सात, कुणी हाक मारू नये. यासाठी नियमात तरतूद नाही. शिवाय रजा मंजूर करणारे साहेब अर्जावरून मान वर करून प्रेमाने विचारतात, “बच्चा बीमार है?” नाही साहेब. बच्चा ठणठणीत आहे, तीच तर अडचण आहे. बाळाच्या बापालाही बाळ जन्मल्यावर पंधरा दिवस पितृत्व रजा मिळते. ती संपली की वडील म्हणून त्याचं प्रशिक्षण पूर्ण झालं असं धरतात.

आपल्या मराठी आयांचं आणखी एक वेगळं दुखणं आहे. पंजाबी आईला कुणाशी तुलना नसते, ती स्वतःच एक संस्था असते. आपल्या डोक्यावर मात्र ‘श्यामची आई’ आहे. पायाला माती लागू नये म्हणून पोराच्या पायाखाली लुगडं पसरणारी आणि मनालाही घाण लागू देऊ नको म्हणणारी. माझ्या पोराचे पाय मी कशाला पुसते हे सांगत नाही. पण एकदा मी त्या पुस्तकाच्या जन्माची हकीकत नीट वाचली आणि मला अपार शांती लाभली. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू करून १३ च्या पहाटे संपवलं. पाच दिवसांत. (१३ फेब्रुवारी हा सरोजिनीबाईंचा वाढदिवस, हा योगायोग आमच्या वसाहतीत माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलेला नाही.) तर सांगायचं हे, की आईविषयी इतकं सुंदर, सलग, हळुवार लिहायचं तर त्यासाठी पाच दिवसांची शांतता लागते आणि ती तुरुंगातच मिळते. ज्या माउलीवर ते लिहिलं तिला स्वतःला असे पाच तास मिळाले असते, तर तिने काय लिहिलं असतं, याचा विचार कुणी केलेला नाही. बहुधा ती झोपली असती.

आणि झोपेला पर्याय म्हणून मला सापडलं ते सरोजिनी नगरचं मार्केट.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. परदेशात जायला शिवलेले आणि काही ना काही कारणाने न गेलेले कपडे इथे येतात. एखाद्याचा शिवणीचा टाका चुकलेला, एखाद्याची ऑर्डर रद्द झालेली, एखाद्याची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. गळ्यामागची कंपनीची पट्टी अर्धी कापलेली, म्हणजे कुळ उच्च आहे एवढं कळावं पण गोत्र कळू नये. दुकानं आहेतच, पण खरा बाजार दुकानांच्या पुढ्यात, चादरीवर, लोखंडी पाइपांवर आणि माणसांच्या खांद्यावर असतो. आवाज असा, की शेजारी उभ्या असलेल्या बाईशी बोलायचं तरी फोन करावा लागेल. ‘सौ सौ सौ सौ’, ‘देख लो दीदी, देखने का पैसा नहीं’, ‘दो सौ का एक, साढ़े तीन सौ के दो’. मधूनच कुणीतरी ‘कमेटी!’ असं ओरडतं. म्हणजे नवी दिल्ली नगरपालिकेची गाडी अतिक्रमण हटवायला आली. त्याबरोबर आख्खं दुकान चादरीच्या चार टोकांनी उचललं जातं आणि पाठीवर टाकून पळतं. आपण हातात घेतलेला टॉप कुणाचा होता हे मग आपल्यालाच शोधत बसावं लागतं. दहा मिनिटांत चादर पुन्हा तिथेच, पोरगा पुन्हा तिथेच आणि भाव मगाचाच.

अशा ठिकाणी विश्रांतीला कोण जाईल, असं तुम्ही म्हणाल. मीही पहिल्यांदा खाकी टोपी शोधायलाच गेले होते. पण तिथे घुसल्यावर थोड्या वेळाने लक्षात आलं, की एवढ्या गदारोळात एकही हाक माझ्यासाठी नाही. धक्के सगळे देत होते, पण आपला मोजा कुठाय असं कुणी विचारत नव्हतं. मला ‘दीदी’ म्हणत होते, ‘मैडम’ म्हणत होते, एकाने तर ‘ओ पीली कुर्ती’ म्हटलं. ‘आई’ कुणी म्हणालं नाही. तिथल्या गोंधळाला मी जबाबदार नव्हते. तो मी आवरायचा नव्हता. कपड्यांचा एवढा मोठा ढीग आयुष्यात पहिल्यांदा असा पाहिला, की ज्याच्या घड्या मी घालायच्या नव्हत्या.

आणि घासाघीस! घासाघिशीत जे सुख आहे ते कुणी मानसशास्त्रज्ञाने अजून नीट तपासलेलं नाही. तो म्हणतो साडेपाचशे. मी म्हणते दीडशे. तो छातीवर हात ठेवून वर बघतो. मी पाठ फिरवून चालू लागते. पाच पावलं. मागून हाक येते, “अच्छा दीदी, लास्ट दो सौ.” मी दोनशे देते, पिशवी घेते. झालं. विषय उघडला, चर्चा झाली, दोन्ही पक्षांनी आपापलं नाटक नीट केलं, निर्णय झाला, फाइल बंद. दोन मिनिटांत. घरात बाईच्या हातून दिवसभरात असं एकही काम होत नाही, जे संपतं. घासलेली भांडी रात्रीपर्यंत खरकटी होतात, धुतलेला गणवेश उद्या मळतो, ‘अभ्यास झाला का’ या प्रश्नाला मानवजातीच्या इतिहासात कधी कायमचं उत्तर मिळालेलं नाही. इथे मात्र व्यवहार पूर्ण झाल्याचा पुरावा हातातल्या काळ्या पिशवीत असतो. तो टॉप पुढे मोठीने ढापला, धाकट्याने त्यावर रंग सांडला किंवा एक बाही लांब निघाली, तरी ती दोन मिनिटं माझी मला मिळालेली असतात.

मग मी आजूबाजूला बघायला लागले. आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला जा. कॉलेजच्या मुली असतात, त्या खरोखर कपडे घेतात. त्या सोडून द्या. त्यांच्यामध्ये जागोजागी एकेकट्या उभ्या असलेल्या मध्यमवयीन बायका शोधा. खांद्याला ऑफिसची बॅग, बॅगेतून डबा डोकावतोय, हातात एक फुलाफुलाचा टॉप आणि नजर भलतीकडेच. टॉप तिला घ्यायचा नाहीये. तो तिच्या मापाचाही नाही. पोरगा कंटाळून म्हणतो, “दीदी, लेना है?” ती भानावर येते, म्हणते, “देख रही हूँ भैया.” काय बघत असते ते तिचं तिला ठाऊक.

एका हिवाळ्यात शकरकंदीची चाट खायला मी एका गाडीशेजारी थांबले होते. बाजूला साधारण माझ्याच वयाची बाई द्रोण घेऊन उभी. तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने काढून पाहिला. पडद्यावर ‘हसबंड’ असं नाव, वर नेटवर्कच्या सगळ्या काड्या उभ्या. तिने शांतपणे तो पुन्हा पर्समध्ये ठेवला आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, “यहाँ नेटवर्क नहीं आता.” मी म्हटलं, “बिल्कुल नहीं आता.” आम्ही दोघींनी आणखी एकेक द्रोण घेतला. आमची पुन्हा भेट झाली नाही, पण दिल्लीतली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण कोण असं कुणी विचारलं तर मी तिचं वर्णन करीन.

तिथेही लाउडस्पीकर मात्र पिच्छा सोडत नाही. मधूनच घोषणा होते, आपल्या सामानाची आणि मुलांची काळजी घ्या. हजारो माणसांच्या गर्दीत ही सूचना झाल्याबरोबर कोण दचकतं ते बघा. पुरुष आपला खिसा चाचपतात. बायका, सोबत मूल आणलेलं नसलं तरी, खाली बघतात.

ज्या मूल घेऊन येतात त्यांच्याविषयी मी काय बोलू? ढिगाच्या एका टोकाला आई ओढतेय, दुसऱ्या टोकाला पोर त्यात शिरतंय. त्यांना माझा नमस्कार आहे. आणि रविवारी सहकुटुंब येणाऱ्यांना दुरूनच. नवरा पार्किंगचा वैताग घेऊन आलेला असतो आणि दर पाच मिनिटांनी “झालं का?” विचारतो. हा प्रश्न तीर्थयात्रेला गेलेल्या माणसाला कुणी विचारतं का?

पण बाजार हा काही उपाय नव्हे हे मलाही कळतं. दोनशे रुपयांत मिळतो तो एकांत भाड्याचा. घरी पोहोचेपर्यंत मुदत संपते. रजिस्टर तसंच उघडं पडलेलं असतं. आपल्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकामात बाईची रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. पुन्हा २०२४ साली तीच पाहणी झाली. बाईची २८९ वर आली. मला वाटलं, वा, दहा मिनिटं पुरुषांनी उचलली. पुढे वाचलं तर पुरुषांची ८८ झालेली. म्हणजे बायका दहा मिनिटं मागे सरल्या हे पाहून पुरुषही सभ्यपणे नऊ मिनिटं मागे सरले. मधली एकोणीस मिनिटं धूळ खात पडली असणार. त्यातही ग्यानबाची मेख अशी, की ही सरासरी फक्त त्या दिवशी काहीतरी काम केलेल्यांची आहे. २०१९ साली असे पुरुष शंभरातले सव्वीस होते. बाकीच्या चौऱ्याहत्तरांनी ही सरासरी खाली ओढली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आणि या मिनिटांत भाजी चिरणं येतं, केर काढणं येतं. भाजी चिरता चिरता गोळ्या संपल्याचं, तारा घट्ट करायच्या राहिल्याचं, पोस्टमनच्या टोपीचं डोक्यात जे चालू असतं, ते मोजायचं घड्याळ अजून निघालेलं नाही.

म्हणून मी सरकारी मार्गाने गेले. सरकारात माणसाची बदली झाली की तो कार्यभार सोपवतो. दोन्हीकडून सह्या होतात आणि त्या क्षणापासून जुना माणूस निर्धास्त होतो. मी एका कागदावर लिहिलं, ‘शाळा, दोन्ही मुलांची, संपूर्ण’. त्यात व्हॉट्सॲप ग्रुप, बसवाला, फी, टोप्या, पालकसभा आणि ऑनलाइन हुकूम सगळं आलं. खाली माझी सही, शेजारी नवऱ्याची. अट एकच घातली, पूर्वीच्या कर्मचाऱ्याला विचारणा करता येणार नाही. तो हसत हसत सही करून गेला. सज्जन माणूस आहे हे मी आधी सांगितलंच.

पहिल्या आठवड्यात धाकटा साध्या गणवेशात गेला त्या दिवशी सगळा वर्ग रंगीत कपड्यांत होता. संध्याकाळी त्याने येऊन सांगितलं की त्यामुळे त्याला मॉनिटर केलं, कारण तो एकटाच ओळखू येत होता. जगबुडी झाली नाही. दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याला कळलं की मोठीच्या वर्गशिक्षिका बदलून वर्ष झालं. मग एका रात्री साडेअकराला त्याने मला हलवून उठवलं, चेहरा पांढराफटक. “घरात निळा कार्डपेपर आहे का?” मी अटीवर बोट ठेवलं आणि कूस बदलली. अशी झोप मला माहेरीसुद्धा लागली नव्हती. तो बाहेर खुडबुड करत होता, कपाटं उघडत होता, मला ते ऐकू येत होतं आणि त्या खुडबुडीचा अर्थ लावायची जबाबदारी माझ्यावर नव्हती.

याला जो मोबदला द्यावा लागला तोही सांगते. पालकसभेला तो गेला तर बाईंनी त्याचं टाळ्यांनी स्वागत केलं. लिफ्टमधल्या आंटी मला म्हणाल्या, “बड़ी क़िस्मतवाली हो.” सासूबाईंनी फोनवर दीर्घ उसासा टाकला, “किती करतो गं बिचारा.” मी तेच काम इतकी वर्षं केलं तेव्हा माझ्यासाठी कुणी खुर्चीही पुढे सरकवली नव्हती. पण टाळ्या त्याने घ्याव्यात, झोप मला राहू द्यावी. इंग्लंडात डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले. त्यांनी १९५०च्या दशकात आयांना सांगून ठेवलंय, की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली असली की भागतं. उलट ती हळूहळू थोडी थोडी चुकत गेली तरच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. विनिकॉटना स्वतःला मूल नव्हतं. त्यामुळेच एवढा शांतपणे विचार करता आला असेल, पण बोलले ते खरं बोलले. बाप थोडा थोडा चुकला तरी चालतं, हे मी त्यात आमच्या घरापुरतं जोडलं आहे.

हे सगळं मी हसत लिहितेय, कारण माझं दुखणं हसण्याजोगं आहे. प्रत्येकीचं तसं नसतं. बाळंतपणानंतर किंवा पुढे कधीही जर झोपच येईनाशी झाली, विनाकारण रडू येऊ लागलं, मूल जवळ घ्यावंसं वाटेना किंवा नको ते विचार येऊ लागले, तर तिथे दोनशे रुपयांचा टॉप उपयोगाचा नाही आणि ‘आम्ही नाही का चार वाढवली’ हे तर मुळीच नाही. डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारची टेली-मानस नावाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर डब्याच्या वेळापत्रकाच्या वर लावावा.

बाकीच्यांनी दिल्लीला आलात तर सरोजिनीत जरूर या. मेट्रोने या, गाडी आणू नका. पैसे वरच्या खिशात ठेवा, पहिल्या भावाच्या एक तृतीयांशावर सुरुवात करा आणि पाठ फिरवल्यावर मागे वळून बघू नका. मुलं त्यांच्या बापाकडे सोपवून या, यादी न देता. तिथे नेटवर्क येत नाही असं घरी आधीच सांगून ठेवा. आणि सोमवारी जाऊ नका, सोमवारी मार्केट बंद असतं.